एका मताने गाव सोडलेल्या भावास

ओढ्याकाठचं घर, कोल्डगिल
(मतदारसंघ कोणता, ते पुढे येईल)
१९ नोव्हेंबर १९८१

ती. अ‍ॅम्ब्रोझदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझा नवा खुबा रुळला का? काठी सुटली का? तिकडे कॉर्नवॉलला समुद्राचं वारं हाडात शिरतं म्हणतात, तेव्हा मी विणलेला करडा मफलर वापरत जा. तो तू कुत्र्याला दिलास असं तुझ्या घरमालकिणीने मला कळवलं आहे, तर कुत्र्याकडून परत घे. माझं ठीक चाललंय. गुडघे कुरकुर करतात, मीही करते, त्यामुळे घर अगदीच सुनं वाटत नाही. नाताळात तू पाठवतोस ते केशर घातलेले बनपाव यंदाही पाठव. (इथे पोचेपर्यंत त्यांचे दगड होतात हे मी तुला तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. पण वाफेवर ठेवले की मऊ पडतात, आणि घरभर जो वास सुटतो त्याची मी वर्षभर वाट बघते. आभार मानायचं राहून जात होतं, ते आज मानते.)

पत्र लांबणार आहे. चहा करून घे, डॉक्टरांनी सांगितलंय तशा उंच खुर्चीवर बस, आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आजच्या दिवस आवर. आईने आणलेल्या प्रत्येक पुस्तकाचा शेवट तू मला सांगून मोकळा व्हायचास, ते मी अजून विसरलेले नाही. म्हणून मुख्य बातमी इथेच देते, म्हणजे शेवटाकडे धावायचं तुला कारण उरणार नाही. दादा, गावाने तुला सोडलं. निर्दोष सोडलं! १९५१ सालच्या त्या एका मताचा तुझ्याशी काडीचा संबंध नव्हता, हे परवा मंगळवारी भर सभेत, लंडनहून आलेल्या बॅरिस्टरच्या बोटाने सिद्ध झालं. आता तू घरी ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे, खिडकीची कडी बसवली आहे, आणि जिना चढवणार नसेल तर खालची बैठक तुला देते. तीस वर्षं पुरे झाली.

आता पहिल्यापासून सांगते. तुला निम्मं ठाऊक आहे, पण मी पाच तास त्या लाकडी बाकावर बसून ते ऐकलंय, आणि कुणाला तरी ऐकवल्याशिवाय माझ्या पोटात अन्न ठरणार नाही.

झालं असं, की लंडनच्या सीमा आयोगाला दर काही वर्षांनी नकाशे काढायची लहर येते. ते माणसं मोजतात, आणि जिथे कमी भरतील तिथे शेजारची उचलून टाकतात. यंदा ओटरबी मतदारसंघात डोकी कमी भरली, म्हणून आमच्या वॉर्थडेलमधून कोल्डगिलची दोनशे चौदा डोकी उचलून ओटरबीत घालावीत असा कागद निघाला. ओटरबीत! ज्यांच्या बॅण्डने अडतीस साली आपल्याला हरवलं, आणि तेही पंच त्यांच्या ट्रॉम्बोनवाल्याचा मेव्हणा होता म्हणून. ज्यांच्या मांस भरलेल्या पोर्क-पायला इतकं पातळ कवच असतं की आतलं सगळं बाहेरून दिसतं. गावात असा हलकल्लोळ उडाला की जी माणसं एकमेकांच्या कुंपणावरून बोलत नव्हती ती एकमेकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. ज्याला हरकत असेल त्याने टाऊन हॉलमध्ये येऊन सांगावी, आयोगाचे बॅरिस्टर ऐकून घेतील, अशी नोटीस लागली. आणि हरकत घेणं ही तर आपल्या गावाची वडिलोपार्जित इस्टेट.

पुढारी अर्थात एनॉक सगडन. त्र्याऐंशी वर्षांचा झालाय, कानाला यंत्र लावलंय (ते तो फक्त स्वतः बोलताना चालू करतो), पण उदारमतवादी पक्षाच्या कोल्डगिल शाखेचा चिटणीस अजून तोच. शाखेत आता तो आणि फायलींचं कपाट एवढेच उरले आहेत. तुला निरोपाची सभासुद्धा न घेता गावातून घालवणारा हाच तो एनॉक. तीस वर्षं दर निवडणुकीला, दर सहभोजनाला, एकदा तर कुणाच्या तरी बारशालाही, तो उभा राहून म्हणत आला: "एका मताने गेलं वॉर्थडेल! एका!" आणि मग माझ्याकडे बघून बसायचा. मी शाळेत त्याच्या नातवंडांना जेवण वाढत होते, दादा. बटाटे कुस्करताना मी कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत असे ते तूच ओळख.

तर मंगळवारी आम्ही अख्खी बस भरून गेलो. बॅरिस्टर स्ट्राउड म्हणजे उंच, किडकिडीत, सभ्य माणूस. असा थकलेला, की वाटावं याने इंग्लंडातल्या प्रत्येक गावाची शेजारच्या गावाबद्दलची तक्रार ऐकली आहे. (ऐकलीच होती म्हणे.) मी पार्किन केकचा डबा नेला होता. आलं जास्त घातलं होतं, माणसाला जागं ठेवायला. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. टपालवाली नेली ब्रेथवेट म्हणाली, आमचे पाय वॉर्थडेलच्या बाजाराकडे आपोआप वळतात, ओटरबीकडे मुद्दाम वळवावे लागतात. कुणी सांगितलं आमचे मेलेले सगळे वॉर्थडेलकडे तोंड करून पुरलेत. बॅरिस्टरसाहेब सगळं लिहून घेत होते. "मेलेले" या शब्दाखाली त्यांनी रेघ मारलेली मी पाहिली.

मग एनॉक उठला. त्याच्या हातात तागाच्या कापडावर डकवलेला जुना नकाशा होता, टेबलाएवढा. शाखेच्या कपाटात १९१८ पासून गुंडाळून पडलेला, सरकारी शिक्क्याचा, अस्सल. त्याने नकाशा पसरला, कोपऱ्यांवर माझा पार्किनचा डबा, नेलीची पर्स, साहेबांची शाईची बाटली आणि स्वतःची टोपी ठेवली, आणि मतदारसंघाचा इतिहास सुरू केला. १८८५ पासून. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: इलाज नाही.

पहिले खासदार गिरणीवाले, ते बावीस वर्षं निवडून येत राहिले, कारण विरोधात उभा राहणारा प्रत्येक जण त्यांच्याच गिरणीत कामाला होता. मग १९०६ चे ते उदारमतवादी गृहस्थ, जे भाषण द्यायला येताना आपल्या ओढ्यात पडले आणि ओल्या कपड्यांनीच तासभर बोलले. तेव्हापासून कोल्डगिलने उदारमतवाद्यांशिवाय कुणाला मत दिलं नाही. ओढ्यात पडलेला माणूस आपलाच, असं बाबासुद्धा म्हणायचे. एनॉकने प्रत्येक निवडणूक सांगितली, प्रत्येकाचं मताधिक्य सांगितलं, एकोणतीस साली कोण आजारी होतं आणि पस्तीस साली कुणाची गाय व्याली तेही सांगितलं. नंतर त्याचा आवाज खाली आला. सभेतल्या आमच्या बाकांवरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक्कावन्न साल आलं होतं.

ते त्याने सांगितलं तसंच लिहिते. हुजूर पक्षाचे मेजर फेनविक, चौदा हजार दोनशे सात. आमचा उमेदवार, चौदा हजार दोनशे सहा. तीन वेळा मोजणी. आणि कोल्डगिलच्या यादीत न पडलेलं मत एकच: अ‍ॅम्ब्रोझ मेटकाफ, ओढ्याकाठचं घर. ते पडलं असतं तर बरोबरी झाली असती, चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या, आणि चिठ्ठी आपलीच निघाली असती याबद्दल एनॉकच्या मनात गेली तीस वर्षं शंका नाही.

तू मत का दिलं नाहीस हे मात्र तो सांगत नाही, कधीच सांगितलं नाही. म्हणून मी मधेच उठून सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमची पाळी नंतर आहे." मी म्हटलं, "साहेब, ही पाळी तीस वर्षं यायची आहे." आणि सांगून टाकलं. माझ्या भावाकडे व्हॅन होती. ती एकदा सुरू झाली की बंद करायची सोय नव्हती, बंद केली की दुसऱ्या दिवसापर्यंत सुरू होत नसे. मतदानाच्या दिवशी पाऊस कोसळत होता, आणि त्याने सकाळी सातपासून डोंगरावरचे म्हातारेकोतारे, लंगडे, आंधळे असे एकतीस मतदार आणून शाळेच्या दारात उतरवले. सगळी मतं यांच्याच पक्षाची. यातला एक जण एनॉक सगडनचा बाप. इंजिन बंद पडेल म्हणून माझा भाऊ दिवसभर स्टिअरिंगवरून उठला नाही, जेवलासुद्धा तिथेच. शेवटच्या म्हातारीला परत पोचवून तो आला, देवाचं नाव घेऊन व्हॅन बंद केली, पायऱ्या चढला, तेव्हा रात्रीचे नऊ वाजून एक मिनिट झालं होतं आणि हेडमास्तरांनी दाराला कुलूप लावलं होतं. एकतीस मतं आणली त्याने. ती कुणी मोजली नाहीत. राहिलेलं एक मोजलं.

(त्या सकाळी आपलं भांडण झालं होतं हे मी साहेबांना सांगितलं नाही. तू माझी लग्नासाठी ठेवलेली नवी रजई रेडिएटर गार पडू नये म्हणून व्हॅनच्या बॉनेटवर घातलीस. लग्न कुणाशी व्हायचं होतं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, पण रजई तयार होती. "तुझ्या गाडीत मेले तरी बसणार नाही" असं म्हणून मी दीड मैल पायी निघाले.)

मी बोलायला उठताच एनॉकने यंत्र बंद केलं होतं, त्यामुळे त्याने यातलं काही ऐकलं नाही, आणि मी बसताच ते चालू करून तो पुढे बोलू लागला. "सांगायचा मुद्दा, साहेब, वॉर्थडेलची हद्द म्हणजे आमचा ओढा! या सरकारी नकाशात बघा! ओढ्याच्या अलीकडची वीतभर जमीन कधी ओटरबीत नव्हती, आणि कधी जाणार नाही!" असं म्हणून त्याने नकाशावर मूठ आपटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

कारण बॅरिस्टरसाहेब वाकले, चष्मा वर केला, आणि त्या लाल रेघेवरून हळूहळू बोट फिरवत गेले. मग थांबले. त्यांनी विचारलं, "हे घर कुणाचं?"

"ते? ते या डॉर्कस मेटकाफचं." एनॉकने माझ्याकडे बोट दाखवलं.

"पण हे तर रेघेच्या पलीकडे आहे. ओटरबीत."

एनॉक म्हणाला, "कसं असेल? ओढा तर घराच्या मागून वाहतो." साहेब म्हणाले, "नकाशात घराच्या पुढून वाहतो." आणि दादा, त्या क्षणी मला बाबा दिसले. आठवतं? बाबा प्रत्येक निवडणुकीला चार मैल चालत ओटरबीला मत द्यायला जायचे, आणि आई म्हणायची मतबित काही नाही, दारू वर्ज्य मानणाऱ्या चॅपलातल्या लोकांना दिसू नये म्हणून तिकडे जाऊन बिअर पितात. बिचाऱ्या बाबांनी जन्मात थेंब घेतला नाही. त्यांचं नाव तिकडच्या यादीत होतं, म्हणून जायचे. सव्वीस साली ते वारले, सत्तावीसच्या पुरात ओढ्याने एका रात्रीत कूस बदलली आणि आपलं घर अलीकडे आलं. मी साहेबांना पुराचं सांगितलं. ते म्हणाले, "ओढा हलला म्हणून हद्द हलत नाही. कारकुनाने नवा ओढा बघून घर कोल्डगिलच्या यादीत घातलं असणार. ते चुकीचं होतं."

मग मागच्या बाकावरून नेली ब्रेथवेट उठली. "म्हणजे साहेब, त्या घरातल्या माणसाला आमच्याकडे मत द्यायचा हक्कच नव्हता?"

"तत्त्वतः, नव्हता."

"मग अ‍ॅम्ब्रोझने दिलं नाही ते बरोबरच केलं की हो!"

साहेब म्हणू लागले की बारकाईने पाहिलं तर, एकदा यादीत नाव लागलं म्हणजे, चुकीने का होईना, ते मत... पण नेलीने त्यांच्यापुढे डबा धरला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही पार्किन खा." साहेबांनी खाल्लं. आलं लागलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात कायदा मागे पडला.

नेली उठताच एनॉकने यंत्र परत बंद केलं होतं, ते कुणीतरी त्याला चालू करायला लावलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. दादा, मी त्या माणसाला तीस वर्षं मनातल्या मनात बटाट्यासारखं कुस्करलं, पण मंगळवारी मला त्याची दया आली. तो नकाशाकडे बघत उभा राहिला. त्याचाच नकाशा, त्याच्याच कपाटातला. एकदाही उघडून बघितला नव्हता. त्याने कोपऱ्यावरची टोपी उचलली, नकाशाचा कोपरा हळूच गुंडाळला गेला, आणि तो म्हणाला, "हक्क नसताना मत टाकणं म्हणजे चोरी. तेव्हा त्या घरातला अ‍ॅम्ब्रोझ तेवढा सरळ वागला, आणि आम्ही त्याला गावातून घालवला." मग साहेबांना म्हणाला, "साहेब, आता आमची हरकत राहू द्या बाजूला. माफी मागायची असेल तर ती कुठल्या फॉर्मवर मागतात?" साहेबांकडे तसा फॉर्म नव्हता. पण ते उठून उभे राहिले, खरंच उभे राहिले, आणि म्हणाले, "अर्धा तास विश्रांती घेऊ."

विश्रांतीनंतर माझी साक्ष होती. ती काही धड झाली नाही. साहेबांनी सरळ विचारलं, "मिस मेटकाफ, आपण किती वर्षं कोल्डगिलमध्ये मतदान करीत आहात?" आणि मला असा खोकला आला की विचारू नकोस. हॉलमध्ये रेडिएटर फार तापले होते. पाणी पिऊन झाल्यावर मी ओढ्यातल्या ट्राउट माशांविषयी बरंच बोलले. साहेबांनी तेही लिहून घेतलं. आता निकाल वसंतात लागेल. गंमत अशी की गाव जिंकून वॉर्थडेलमध्ये राहिलं, तर नवी रेघ नीट मारताना आपलं घर एकटंच ओटरबीत पडणार. कोंबड्यांसकट. म्हणून वर मतदारसंघ लिहिला नाही.

काल संध्याकाळी चॅपलात सभा झाली. एनॉकने ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले, ज्यांचा एक हात संधिवाताने वर होत नाही त्यांनी दुसरा केला. ठरावात लिहिलंय की कोल्डगिल गाव अ‍ॅम्ब्रोझ मेटकाफ याची मनापासून माफी मागत आहे, त्याने आणलेल्या एकतीस मतांबद्दल तीस वर्षं उशिरा आभार मानत आहे, आणि त्याने घरी यावं. तू येशील त्या दिवशी बसथांब्यावर बॅण्ड उभा राहील. (चार जण आणि ढोल. बाकीचे वारले.) आणि वसंतात हद्दीवरून फिरायची आपली जुनी पद्धत आहे ना, काठ्या घेऊन दगडांवर मारत जायची, ती यंदा खऱ्या रेघेवरून होणार, म्हणजे आपल्या पुढच्या दारावरून, आणि पहिली काठी तुझ्या हातात.

तू या माणसांवर रागावलेला असशील तर तुझा हक्क आहे. पण खरं सांगू, मला आज कुणाचाच राग येत नाही. नेलीचे आभार, त्या पुराचे आभार, त्या चुकार कारकुनाचे आभार, इतकंच काय एनॉकच्या न उघडलेल्या कपाटाचेही आभार. आणि मेजरसाहेबांचेही मानायला हवेत, जे आपण कधी मानले नाहीत. कोल्डगिलला वीज त्यांनीच खटपट करून आणली, चोपन्न साली, आणि त्या दिव्याखाली बसून गाव आजवर त्यांच्या नावाने बोटं मोडत आलंय. पण सगळ्यात जास्त तुझे. तू गेलास तेव्हा कुणाला एक शब्द उलटून बोलला नाहीस. मलाही नाही.

चॅपलातली सगळी तुला नमस्कार सांगतात. तब्येत सांभाळ.

तुझी धाकटी बहीण,
डॉर्कस

ता. क. तुझी व्हॅन अजून कोठारात आहे. तू आगगाडीने गेलास तशी ती तिथेच राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात, आणि मला तिचा उपयोग नाही असं मी सगळ्यांना सांगत असले तरी दर रविवारी मी तिची काच पुसते. या आठवड्यात गॅरेजवाल्याने खटपट करून ती सुरू केली. आता बंद करता येत नाहीये. म्हणजे प्रकृती मूळचीच आहे.

ता. क. दुसरा. काल टपाल कचेरीत नेलीने तिकिटं देता देता सहज विचारलं, "डॉर्कस, तेव्हा तूही त्याच घरात राहायचीस ना गं?" मी म्हटलं, तेव्हाही तिथेच आणि आत्ताही तिथेच, आणि तिकिटं न चिकटवताच बाहेर पडले. चोराच्या मनात चांदणं. नेली हिशोबाला हळू आहे, पण पक्की आहे.

ता. क. तिसरा. (तू हेच आधी वाचत असणार. मला माहीत होतं. तर आता इथूनच वाच, आणि मग पहिल्या पानावर जा.)

मी त्या दिवशी पायी निघाले असं वर लिहिलंय. ते अर्ध्या रस्त्यापर्यंत खरं आहे. पुढे मेजरसाहेबांच्या बायकोने मोटार थांबवली. मी ओलीचिंब होते, रडत होते, रजईसाठी. हुजूर पक्षाच्या मोटारीत बसायचं आणि मत आपल्याला द्यायचं ही तर गावाची जुनीच रीत. एनॉक त्या दिवशी दोनदा बसला होता, एकदा मतासाठी आणि एकदा चामड्याच्या सीटसाठी. पण तिने माझ्या पायांवर स्वतःची शाल घातली रे. गरम पाण्याची पिशवी दिली, पेपरमिंटची गोळी दिली, आणि मतांबद्दल एक अक्षर बोलली नाही, रजई कुठल्या रंगाची होती ते विचारलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपल्या दोघांना बाबांनी शिकवलेलं. पडद्यामागे गेले, पेन्सिल हातात घेतली, आणि पेपरमिंट अजून तोंडात होती. माझ्याच्याने दुसरीकडे फुली मारवली नाही.

मेजर एका मताने आले ते माझ्या मताने. जे टाकायचा मला हक्कही नव्हता. आणि त्या मतासाठी गाव तुला सोडावं लागलं.

आणि तुला ते माहीत होतं. तू शाळेसमोर व्हॅनमध्ये बसला होतास, इंजिन चालू होतं, रजई बॉनेटवर होती, आणि मी मेजरच्या मोटारीतून उतरले. तू हात हलवलास. मी मान फिरवली. त्या मोटारीतून उतरलेल्या बाकी कुणाबद्दल काही सांगता आलं नसतं, पण तू मला ओळखतोस. नुसतं "डॉर्कसला विचारा" म्हटलं असतंस तरी तू सुटला असतास. तीस वर्षांत तू मला ते विचारलंही नाहीस, कुठल्या पत्रात नाही, आईला पुरलं त्या दिवशीही नाही. दर नाताळाला बन मात्र पाठवलेस. हे पत्र खरं म्हणजे त्याचे आभार मानायला बसले होते, वाटेत बॅरिस्टर आला.

आता मागणं. तो ठराव तू आल्यावर चॅपलात मोठ्याने वाचायचं काम एनॉकने माझ्यावर टाकलंय. मी तो वाचणार नाही. मी उभी राहून त्यांना हे सगळं सांगणार आहे. पण तू पहिल्या बाकावर बसलेला हवास, दादा, नाहीतर मला परत खोकला येईल आणि मी ट्राउट माशांवर बोलेन.

गाडी बसथांब्यावर उभी असेल, इंजिन चालू असेल. चालवायचं तू. रजई धुऊन ठेवली आहे, बॉनेटवर घालू. या वेळी मी तुझ्या शेजारी बसेन.